हौदांतील कोइ मासे आणि घरचें सूक्ष्मदर्शक यंत्र

घरच्या हौदांतला मासा भिंतीवर अंग घासूं लागला म्हणजे बहुतेक गृहस्थांच्या तोंडून एकच प्रश्न निघतो, "आतां पाण्यांत कोणतें औषध घालूं?" हा प्रश्न मला वरचेवर कोणी ना कोणी विचारतो, आणि प्रत्येक वेळीं मी एकच उत्तर देतों, "औषध मागाहून. आधीं पाहूं." पाहावयाचें तें कशानें, पाहावयाचें काय, आणि पाहिल्यावर करावयाचें काय, एवढेंच आज या ध्वनिक्षेपकासमोर बसून सांगावयाचें योजिलें आहे. श्रोतेहो, मी मत्स्यशास्त्राचा अध्यापक नव्हे. पुण्यास अंगणांत हौद बांधून नऊ कोइ मासे पाळणारा एक हौशी माणूस आहें. परंतु या विषयांत मी जें थोडेंबहुत शिकलों त्याची किंमत दोन माशांच्या जिवानें चुकती झालेली असल्यामुळें तें सांगण्याचा मला अधिकार आहे असें वाटतें.

कोइ हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळांतलाच कार्प मासा होय. जपानच्या निइगाता प्रांतांत यामाकोशी म्हणून डोंगराळ भाग आहे. तेथें हिंवाळ्यांत बर्फ इतकें पडतें कीं वाटा बंद होतात. तेथील भातशेती करणारे शेतकरी खाण्यासाठीं तळ्यांत काळे कार्प मासे पाळीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्या काळ्या माशांत कांहीं तांबडीं-पांढरीं पिलें निपजलीं; शेतकऱ्यांनीं तीं खाल्लीं नाहींत, जपलीं, आणि निवडून निवडून त्यांची पैदास केली. १९१४ सालीं टोकियोच्या प्रदर्शनांत हे मासे मांडले गेले आणि त्यांची ख्याति देशभर झाली. जपानी लोक यांस निशिकिगोइ म्हणतात. निशिकि म्हणजे किनखाप. नीट सांभाळल्यास हा मासा पंचवीस-तीस वर्षें जगतो. म्हणजे तो घरांतील मुलांबरोबर वाढतो, आणि मुलें शिकून परगांवीं गेलीं तरी मागें राहतो. असला मासा आजारी पडला तर माणूस हातघाईवर येतो, आणि हातघाईवर आलेला माणूस औषधाची बाटली आधीं उचलतो.

मीं तेंच केलें. सात-आठ वर्षांपूर्वींची गोष्ट. मे महिना होता. हौदाच्या फिल्टरमधील स्पंज फार मळले होते, ते मीं मोठ्या उत्साहानें नळाखालीं धरून स्वच्छ होईपर्यंत धुतले. तीन-चार दिवसांत मासे अस्वस्थ झाले. कोणी भिंतीशीं अंग घासून चमकत जाई, कोणी पाण्याची धार पडते तेथें येऊन तोंडाचा आ करून उभा राही. एका जाणत्या म्हणविणाऱ्या स्नेह्यानें हौदांत नुसतें डोकावून निदान केलें कीं, अंगावर किडे झाले आहेत, पोटॅशियम परमँगनेट टाका. विहिरींत टाकावयाची ती जांभळी पूड घरांत होतीच. हौदांत पाणी किती, हें मीं कधीं मोजलें नव्हतें. पाणी चांगलें जांभळें दिसेपर्यंत पूड टाकली आणि समाधानानें झोंपलों. सकाळीं दोन मासे उलटे तरंगत होते. त्यांतला एक आमच्या मुलीनें शाळेंत असतांना आणलेला, बारा वर्षांचा होता.

मागाहून कळलें तें असें. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेंतून पाण्यांत अमोनिया येतो. फिल्टरच्या स्पंजांत राहणारे उपयुक्त जीवाणु त्या अमोनियाचें प्रथम नायट्राइट आणि मग बहुतांशीं निरुपद्रवी असें नायट्रेट बनवितात. नळाच्या पाण्यांतील क्लोरीननें मीं या जीवाणूंचा एका दुपारीं संहार केला होता. अमोनियानें कल्ले आधींच पोळलेले, त्यावर परमँगनेटासारखें दाहक द्रव्य! किडे नव्हतेच. त्या दिवशीं माशाच्या अंगावरचा थेंबभर चिकटा भिंगाखालीं धरला असता तर मला कांहींच दिसलें नसतें. आणि तें कांहींच न दिसणें हेंच मला हवें असलेलें उत्तर होतें.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. माशाला दुखणें सांगण्याच्या तऱ्हा फार थोड्या. अंग घासणें, पंख अंगाशीं चिकटवून एका कोपऱ्यांत उभें राहणें, खाणें सोडणें, अंगावर दुधासारखी साय धरणें, वर येऊन हवा गिळणें, एवढ्यांतच त्याची भाषा संपते. अंगावर परोपजीवी जंतु असोत, पाण्यांत अमोनिया असो किंवा प्राणवायु कमी असो, मासा याच चार-पांच खुणा करतो. तेव्हां नुसत्या डोळ्यांनीं केलेलें निदान हें बहुधा निदान नसून अंदाज असतो.

सूक्ष्मदर्शक यंत्र म्हटलें कीं घरांतील मंडळींस तें प्रयोगशाळेंतलें, आपल्या आवाक्याबाहेरचें वाटतें. परंतु ज्यानें सूक्ष्म जीवांची सृष्टि जगास प्रथम दाखविली तो लेवेनहुक तरी कोण होता? हॉलंडांतील डेल्फ्ट गांवचा कापडाचा व्यापारी. १६७४ सालीं त्यानें एका सरोवराचें पाणी स्वतः बनविलेल्या भिंगांतून पाहिलें, आणि १६८३ सालीं आपल्याच दांतांवरचा कीट काढून त्यांत वळवळणारे जीव पाहिले. माशाच्या अंगावरचा चिकटा खरवडून पाहणें हें त्याच परंपरेंतलें घरगुती काम आहे.

विज्ञानाच्या वर्गांत विद्यार्थी वापरतात तसलें साधें यंत्र यास पुरतें. डोळ्यापाशीं दहापटीचें भिंग, खालीं फिरत्या चकतीवर चार, दहा आणि चाळीस पटींचीं भिंगें. म्हणजे वस्तु अनुक्रमें चाळीसपट, शंभरपट व चारशेंपट मोठी दिसते. निम्म्याहून अधिक काम शंभरपटीवर होतें. तेलांत बुडवून वापरावयाच्या हजारपटीच्या भिंगाची आपणांस कांहीं गरज नाहीं. खेळण्यांच्या दुकानांत बाराशेंपट म्हणून विकावयास ठेवलेलीं प्लॅस्टिकचीं यंत्रें मात्र घेऊं नयेत. तीं धुकें तेवढें बाराशेंपट मोठें करून दाखवितात. जुनें परंतु चांगल्या भिंगांचें यंत्र मिळालें तर तें नव्या खेळण्याहून शतपट बरें. आणखी एक सूचना, जी मला कोणी वेळेवर दिली नाहीं. पाहावयाचे जीव कांचेसारखे पारदर्शक असतात. नवशिका माणूस खालून भरपूर उजेड सोडतो आणि त्या लख्ख उजेडांत त्यास कांहींच दिसत नाहीं. यंत्राच्या मेजाखालीं डायफ्रॅम नांवाची उघडझाप करतां येणारी झडप असते. ती बरीचशी मिटावी. उजेड कमी झाला कीं जीवांच्या कडा उमटूं लागतात.

आतां चिकटा घेण्याविषयीं. हें काम दिसतें तितकें कठीण नाहीं, परंतु त्यांत क्रम चुकवूं नये. पहिली गोष्ट, मासा धरण्यापूर्वीं यंत्र मांडून, दिवा लावून, कांचेच्या पट्ट्या पुसून तयार ठेवाव्या. कारण माशाच्या अंगावरून उतरलेले जंतु फार वेळ जगत नाहींत. दहा-पंधरा मिनिटांत कित्येकांची हालचाल थांबते, आणि न हालणारा जंतु नवशिक्यास ओळखूं येत नाहीं. मेलेल्या माशावर तर ते फारच थोडे सांपडतात. धनी मेला कीं बरेचसे भाडेकरू घर सोडून जातात. त्याचप्रमाणें औषध घातल्यावर पाहण्यांत अर्थ नाहीं. पाहावयाचें तें औषधापूर्वीं.

मासा जाळ्यानें उचलूं नये. जाळ्यानें त्यास हलकेंच वळवीत पाण्यांत बुडविलेल्या रुंद टबांत न्यावें, आणि टब पाण्यासकट काढावा. हौदांतलेंच पाणी टबांत असावें. वरून ओला पंचा टाकला कीं उजेड अडतो व मासा बराच शांत होतो. शिवाय कोइ उडी फार जोराची मारतो. हात नेहमीं ओले असावेत. कोरड्या हातानें धरल्यास त्याच्या अंगावरचा चिकटा, जो त्याचें चिलखतच आहे, तो आपल्या तळहातास चिकटून येतो. मोठ्या माशास गुंगी आणण्याकरितां लवंगेच्या तेलाचा उपयोग करतात. परंतु मात्रा चुकली तर मासा उठत नाहीं. कोणा जाणत्या पशुवैद्याकडून तें प्रत्यक्ष शिकल्यावांचून करूं नये असें माझें मत आहे. दोन माणसें असलीं तर गुंगीवांचून काम होतें. आमच्या घरीं मासा धरण्याचें काम मंडळींकडे आणि खरवडण्याचें माझ्याकडे अशी वांटणी आहे, व दोहोंत अवघड काम कोणतें याबद्दल मतभेद आहे.

छातीच्या पंखाच्या मागची जागा चिकटा घेण्यास उत्तम. तेथें पाण्याचा जोर कमी लागतो म्हणून जंतु आश्रय घेतात. पाठीच्या पंखाच्या बुडाशीं आणि कुशीवरही घ्यावा. विद्यार्थी ज्याला कव्हरस्लिप म्हणतात त्या पातळ चौकोनी कांचेची कड किंवा एखादी बोथट प्लॅस्टिकची पट्टी डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनें, हलक्या हातानें ओढावी. उलट दिशेनें कधींही ओढूं नये. मुगाच्या दाण्याएवढा चिकटा पुष्कळ झाला. अंगावर जखम असेल तर तिच्या मधोमध हात न लावतां तिच्या बाजूची धड त्वचा घ्यावी. चिकटा स्लाइडवर ठेवून त्यांत हौदाच्या पाण्याचा एक थेंब घालावा. नळाच्या पाण्याचा घालूं नये, क्लोरीननें जंतु आधींच मरतील. मग कव्हरस्लिप एका कडेनें टेकवून तिरपी खालीं सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे फारसे राहत नाहींत. कल्ल्यांचें टोंक कापून पाहण्याचीही एक रीत आहे. तें मात्र पशुवैद्याचेंच काम होय.

एकाच माशावर थांबूं नये. एक अगदीं आजारी, एक मध्यम आणि एक धडधाकट असे निदान तीन मासे पाहावे. आणि यंत्राखालीं स्लाइड ठेवल्यावर एकदम चारशेंपटीकडे धांव घेऊं नये. प्रथम चाळीसपटीवर, मग शंभरपटीवर, शेतांत नांगर फिरवावा तशी तास तास घेत सबंध कांच या टोंकापासून त्या टोंकापर्यंत पाहावी.

पहिल्या दिवशीं आपणांस जें दिसेल त्यांतलें बहुतेक निरुपद्रवी असेल. जाड काळी कड असलेलीं वाटोळीं वर्तुळें म्हणजे हवेचे बुडबुडे. माझ्या एका भाच्यानें असला एक बुडबुडा पाहून सबंध घरास हांका मारल्या होत्या, आणि खरें सांगावयाचें तर पहिल्या आठवड्यांत मीही त्याच बुडबुड्याचें एक चित्र काढून ठेवलें होतें. काळ्या किंवा तांबूस, फांद्या फुटलेल्या चांदण्यांसारख्या आकृति दिसतात, त्या माशाच्या रंगाच्या पेशी. याच पेशींनीं त्याचा किनखाप विणलेला असतो. झाडाच्या बुंध्यांतील वलयांसारखीं वलयें असलेला पारदर्शक तुकडा म्हणजे निघालेला खवला. हिरव्या कांड्या व होड्यांसारखे आकार म्हणजे शेवाळ. लांब, निळा किंवा तांबडा धागा दिसला तर तो आपल्या पंचाचा. हीं सगळीं ओळखीचीं झालीं म्हणजे मगच परकें कोण तें कळतें. म्हणून माझा आग्रह असा कीं मासे निरोगी असतांनाच दोन-तीन वेळां पाहून ठेवावें.

आतां जे खरे शत्रु, त्यांकडे वळूं.

सर्वांत देखणा जो ट्रायकोडिना, तो बशीसारखा वाटोळा असतो. कडेला सूक्ष्म केसांची झालर, आणि बशीच्या आंत दांत्यांचें एक चक्र, जणूं घड्याळांतलेंच. मिलिमीटरच्या सुमारें विसाव्या भागाएवढा हा जीव शंभरपटीवर उत्तम दिसतो. तो भिंगऱ्या घेत चिकट्यावरून असा सरकतो कीं पाहणारा औषध विसरतो. परंतु याच्याविषयीं एक सांगितलें पाहिजे. सबंध कांचेवर दोन-चार ट्रायकोडिना दिसले म्हणजे मासा त्यांनीं आजारी आहे असें नव्हे. तो थोडा थोडा पुष्कळ हौदांत असतो. दर दृष्टिक्षेत्रांत अनेक दिसूं लागले तर मात्र तो उपद्रव झाला. आणि त्या वेळीं बहुधा पाणीही घाण झालेलें, माशांची दाटी झालेली असते. मिठास तो नेहमीं दाद देतोच असें नाहीं.

कॉस्टिया, ज्यास आतां शास्त्रज्ञ इक्थिओबोडो म्हणतात, तो याच्या उलट. आकारानें मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, स्वल्पविरामासारखा. शंभरपटीवर नुसती कांहींतरी लुकलुक दिसते. तेथें चारशेंपटीचें भिंग फिरवावें. हा लहान असूनही मोठा घातकी आहे आणि पिलांचा तर काळच. थंड पाण्यांतही तो फोफावतो. किलोडोनेला चपटा, हृदयाच्या आकाराचा असतो आणि सावकाश चकरा घेत फिरतो. हाही थंडीला भीत नाहीं.

ज्या जंतूबद्दल थोडें अधिक सांगावयाचें आहे तो म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणणारा इक्थिओफ्थीरियस. फूके नांवाच्या फ्रेंच संशोधकानें १८७६ सालीं त्याचें वर्णन केलें आणि त्यास जें नांव दिलें त्याचा अर्थ 'बहुप्रसव मत्स्य-ऊ' असा काढतां येईल. पूर्ण वाढलेला जंतु जवळजवळ मिलिमीटरभर मोठा होतो. नुसत्या डोळ्यांस साबुदाण्याच्या बारीक कणीसारखा ठिपका दिसतो. भिंगाखालीं तो काळसर गोळ्यासारखा, सर्व अंगावर केसांची लव असलेला, जागच्या जागीं हळूहळू लोळणारा दिसतो, आणि त्याच्या पोटांत घोड्याच्या नालासारखें केंद्रक असतें. तें नाल एकदां पाहिलें कीं पुन्हां चुकावयाचें नाहीं.

त्याचें जीवनचक्र समजून घेतल्यावांचून उपाय साधत नाहीं. ठिपका दिसतो तेव्हां जंतु माशाच्या कातडीच्या आंत, जणूं कपाट लावून बसलेला असतो. पाण्यांतलें औषध तेथें पोंचत नाहीं. पोट भरल्यावर तो मासा सोडून तळाशीं जातो, स्वतःभोवतीं कोश करतो आणि त्या कोशांत त्याचे शेंकडों, कधीं हजारभर तुकडे होऊन तितकीं पिलें पोहत बाहेर पडतात. या पिलांस एक-दोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तीं मरतात. औषधाचा घाव बसतो तो या मोकळ्या पोहणाऱ्या पिलांवरच. पंचवीस अंशांच्या पाण्यांत सबंध फेरा आठवड्याच्या आंत पुरा होतो. थंडगार पाण्यांत त्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून एकदां औषध घालून ठिपके गेले, आपण विजयी झालों, असें मानणारा गृहस्थ आठ दिवसांनीं फसतो. ठिपके गेलेले असतात ते मेलेले नसतात, प्रसूतीस गेलेले असतात.

यानंतर चपटे कृमि. यांत दोन जाती मुख्य. गायरोडॅक्टिलस कातडीवर राहतो. अर्धा मिलिमीटरभर लांब, जळवेसारखा ताणतो आणि आखडतो, आणि एका टोंकास दोन मोठे आंकडे व त्यांभोवतीं सोळा लहान आंकडे असतात. याचें आश्चर्य असें कीं हा अंडीं घालीत नाहीं, पिलूं प्रसवतो. आणि भिंगांतून नीट पाहिल्यास त्याच्या पोटांतील पिलाचे आंकडे, व क्वचित् त्या पिलाच्याही पोटांतल्या पिलाचे आंकडे दिसतात. आई, मुलगी आणि नात एकाच देहांत! दुसरी जात डॅक्टिलोगायरस, ती मुख्यतः कल्ल्यांत राहते. डोक्याकडे चार काळे ठिपके असतात आणि ती अंडीं घालते. त्या अंड्यांवर औषध चालत नाहीं, म्हणून अंडीं फुटल्यावर दुसरी मात्रा द्यावी लागते. पोटांत पिलूं कीं डोक्यावर चार ठिपके, एवढें ओळखलें तर उपायाची रीत बदलते, आणि हा भेद भिंगावांचून कळण्याचा दुसरा मार्ग नाहीं. या कृमींवर प्राझिक्वांटेल नांवाचें औषध देतात. मात्रा पशुवैद्यानें ठरवावी. माशावरची ऊ आणि नांगरकृमि हे नुसत्या डोळ्यांस दिसतात, त्यांस यंत्र नको.

कांचेवर कांहींच दिसलें नाहीं तर? तर पाणी तपासावें. अमोनिया, नायट्राइट आणि पाण्याचा आम्ल-विम्लपणा मोजण्याच्या बाटल्यांच्या पेट्या मासे विकणाऱ्या दुकानांत मिळतात. पाणी विम्ल असलें म्हणजे अमोनिया किती भयंकर होतो पहा. पंचवीस अंश उष्णतेवर पीएच ७ असतां एकूण अमोनियापैकीं साधारण अर्धा टक्का भाग विषारी रूपांत असतो; पीएच ८ असतां तोच सुमारें पांच टक्के, आणि साडेआठ असतां पंधरा टक्क्यांच्या घरांत. शेवाळानें हिरव्या झालेल्या हौदांत उन्हाळ्यांत दुपारीं पीएच चढतो, तेव्हां सकाळचें बेताचें पाणी दुपारीं विष ठरूं शकतें. त्याचप्रमाणें यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जखमा करणारे जीवाणु यानें ओळखतां येत नाहींत, आणि विषाणु तर दिसतच नाहींत. कोइ माशांतील नागीण-जातीचा विषाणु १९९८ सालीं इस्राएलांत प्रथम आढळला. तो हौदच्या हौद साफ करतो आणि आपल्या भिंगांतून त्याचा मागमूसही लागत नाहीं. मासे भराभर मरूं लागले आणि कांच स्वच्छ असली तर वेळ न दवडतां पशुवैद्य गांठावा.

आतां दुसऱ्या प्रसंगाची हकीकत सांगून पुरें करतों. पहिल्या अपघातानंतर मीं दोन गोष्टी केल्या: एक जुनें यंत्र घेतलें, आणि हौद मोजला. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, पाणी एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. म्हणजे सात हजार दोनशें लिटर. हा आंकडा मीं फिल्टरच्या झांकणावर रंगानें लिहून ठेवला आहे. ज्यास आपल्या हौदाचे लिटर माहीत नाहींत त्यानें औषधाच्या बाटलीस हात लावूं नये.

पुढें दोन वर्षांनीं जानेवारींत मीं एक नवा मासा आणला, कोहाकु जातीचा, पांढऱ्याशुभ्र अंगावर तांबडे पट्टे असलेला. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा हें मला ठाऊक होतें. परंतु वेगळी टाकी गळत होती आणि मासा फार देखणा होता. दहाव्या दिवशीं तो पंख मिटून कोपऱ्यांत उभा राहिला. पांढऱ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसतात कोठें! मला तर एकही दिसला नाहीं. पाणी तपासलें, तें ठीक होतें. चिकटा घेतला, आणि चाळीसपटीवरच तो काळसर गोळा लोळतांना दिसला. शंभरपटीवर घोड्याचें नाल स्पष्ट. जुन्या दोन माशांवरही एक एक सांपडला. मोबाइलचा कॅमेरा नेत्रभिंगास टेकवून मीं छायाचित्र काढलें आणि पशुवैद्यांकडे पाठविलें. त्यांनींही तेंच नांव सांगितलें.

मिठाचा उपाय ठरला. हजार लिटरांस तीन किलो, म्हणजे माझ्या हौदास एकवीस-बावीस किलो जाडें मीठ. तें एकदम न टाकतां तीन दिवसांत तीन भाग करून, बादलींत विरघळवून घातलें. हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवला. कुमुदिनीच्या कुंड्या आधीं बाहेर काढावयास हव्या होत्या, त्या मी विसरलों, आणि त्याबद्दल घरांत जें ऐकावें लागलें तें येथें सांगण्याजोगें नाहीं. पाणी थंड असल्यामुळें जंतूचा फेरा लांबणार हें धरून दर तिसऱ्या दिवशीं मी तीन माशांचा चिकटा पाहत गेलों. पहिल्या आठवड्यांत संख्या वाढली. पूर्वींचा मी असतों तर घाबरून दुसरें औषध ओतलें असतें. परंतु आंत बसलेले जंतु मिठानें मरत नाहींत, ते बाहेर पडण्याची वाट पाहावी लागते, हें माहीत असल्यामुळें थांबलों. पंधराव्या दिवशीं कोहाकुवर एकच गोळा सांपडला. एकविसाव्या दिवशीं तिन्ही कांचा स्वच्छ होत्या. आणखी दहा दिवस मीठ तसेंच ठेवलें, पुन्हां पाहिलें, आणि मग थोडें थोडें पाणी बदलून तें उतरविलें. एकही मासा गेला नाहीं.

तेव्हांपासून यंत्राशेजारीं एक वही ठेवली आहे. तारीख, पाण्याची उष्णता, कोणता मासा, अंगावरची कोणती जागा, किती पटीवर काय दिसलें व किती, एवढेंच तींत लिहितों. गेल्या रविवारची नोंद अशी आहे: पाणी २४ अंश, तीन मासे, कोहाकुच्या छातीच्या पंखामागें ट्रायकोडिना दोन, बाकीच्यांवर कांहीं नाहीं, अमोनिया शून्य, औषध नाहीं.